शितावरून भाताची परीक्षा? अमेरिकेतील विषम वर्षांच्या राज्य निवडणुका आणि राष्ट्रीय पक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत ज्याला 'ऑफ-इयर' निवडणूक म्हणतात, ती नेमकी कोणती?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी होते, प्रतिनिधीगृहाची दर दोन वर्षांनी होते आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागा त्याच वेळी भरल्या जातात. या सगळ्या निवडणुका सम वर्षांत येतात. उरलेल्या विषम वर्षांत, म्हणजे २०२१, २०२३ किंवा २०२५ मध्ये, मोजक्या राज्यांत गव्हर्नरपदाची आणि विधिमंडळाची निवडणूक होते. तिला 'ऑफ-इयर' म्हणतात.

मराठी वाचकाची येथे दोन ठिकाणी गल्लत होऊ शकते. पहिली 'मध्यावधी' या शब्दाने होते. आपल्याकडे सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित झाले की मध्यावधी निवडणूक होते. अमेरिकेतील मिडटर्म मात्र राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर, ठरलेल्या तारखेला येणारी नियमित निवडणूक असते. दुसरी गल्लत गव्हर्नर या पदाविषयी होते. त्याचे भाषांतर 'राज्यपाल' असे केले की डोळ्यांसमोर राजभवन उभे राहते. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो आणि कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याला अधिक जवळचा आहे. म्हणून या लेखात मिडटर्म आणि गव्हर्नर हेच शब्द ठेवले आहेत.

या निवडणुका कोणत्या राज्यांत होतात, आणि अशा आडवर्षी का?

व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही दोन राज्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी गव्हर्नर निवडतात, तर केंटकी, लुईझियाना आणि मिसिसिपी ही तीन राज्ये त्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी निवडतात. पहिल्या जोडीकडे साऱ्या देशाचे लक्ष लागते, कारण नव्या राष्ट्राध्यक्षाने सूत्रे हाती घेतल्यावर मोठ्या प्रमाणावर मतपेट्या प्रथम उघडतात त्या तेथेच.

न्यू जर्सीने १९४७ साली नवी राज्यघटना स्वीकारली आणि गव्हर्नरची मुदत चार वर्षे केली. तिच्यानुसार पहिली निवडणूक १९४९ मध्ये झाली. राज्याचे प्रश्न राष्ट्रीय राजकारणाच्या गदारोळात हरवू नयेत, असे या व्यवस्थेचे समर्थन केले जाते. व्हर्जिनियात विषम वर्षाची प्रथा त्याहून जुनी आहे. विसाव्या शतकात तेथे डेमोक्रॅट नेते हॅरी बर्ड यांच्या संघटनेने अनेक दशके राज्य केले, आणि मतदार जितके थोडे तितके तिचे काम सोपे होत असे. राष्ट्रीय वाऱ्यापासून दूर राहावे म्हणून ज्या निवडणुका वेगळ्या वर्षी घेतल्या जातात, त्याच आज राष्ट्रीय वारा मोजण्यासाठी वापरल्या जातात, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

राष्ट्राध्यक्षाचा पक्ष या निवडणुका हरतोच, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. व्हर्जिनियात १९७७ पासून २०२५ पर्यंत गव्हर्नरपदाच्या तेरा निवडणुका झाल्या, आणि त्यांपैकी बारा वेळा व्हाइट हाउसमध्ये ज्या पक्षाचा माणूस होता तोच पक्ष हरला. अपवाद २०१३ चा. बराक ओबामा अध्यक्ष असताना त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे टेरी मॅकऑलिफ विजयी झाले, तेही जेमतेम अडीच टक्क्यांनी. त्याच ऑक्टोबरमध्ये काँग्रेसमधील (म्हणजे अमेरिकी संसदेतील) रिपब्लिकनांच्या आडमुठेपणामुळे संघीय सरकारचे कामकाज ठप्प झाले होते आणि उत्तर व्हर्जिनियातील हजारो सरकारी नोकरांचे पगार अडकले होते. त्यातच रिपब्लिकन उमेदवार केन कुचिनेली पक्षाच्या कडव्या गटातले होते, आणि तिसऱ्या उमेदवाराने सहा टक्क्यांहून अधिक मते घेतली होती.

न्यू जर्सीत १९८९ ते २०१७ या काळात सलग आठ वेळा राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाचा पराभव झाला. ही साखळी २०२१ मध्ये तुटली. जो बायडन अध्यक्ष असताना डेमोक्रॅट फिल मर्फी तीन टक्क्यांच्या फरकाने कसेबसे टिकले.

व्हर्जिनियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथे गव्हर्नरला लागोपाठ दुसरी मुदत लढवता येत नाही, आणि असे बंधन असलेले ते देशातील एकमेव राज्य आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी जागा मोकळी असते. उमेदवाराची वैयक्तिक पुण्याई कमी पडते आणि पक्षाविषयीची नाराजी अधिक स्वच्छपणे दिसते. पण पराभव जर इतका नेमाने होत असेल, तर नुसता पराभव ही बातमी कशी म्हणावी? पावसाळ्यात पाऊस पडला एवढे सांगून वेधशाळेचे काम होत नाही. तो सरासरीपेक्षा किती अधिक पडला, ते सांगावे लागते.

मग या निकालांवरून पुढच्या वर्षीच्या मिडटर्मचा अंदाज बांधता येतो का?

व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी ही दोन्ही राज्ये विरोधी पक्षाने एकाच वर्षी जिंकली, अशा वेळा पाहू. १९९३ मध्ये रिपब्लिकनांनी दोन्ही जिंकली, आणि १९९४ मध्ये त्यांना प्रतिनिधीगृहात ५४ जागांचा लाभ होऊन चाळीस वर्षांनी बहुमत मिळाले. २००५ मध्ये डेमोक्रॅट दोन्हीकडे जिंकले आणि २००६ मध्ये त्यांनी काँग्रेसची दोन्ही सभागृहे घेतली. २००९ मध्ये व्हर्जिनियात बॉब मॅकडॉनेल आणि न्यू जर्सीत क्रिस ख्रिस्ती हे रिपब्लिकन निवडून आले, आणि २०१० मध्ये त्यांच्या पक्षाने ६३ जागा वाढवल्या. २०१७ मध्ये पुन्हा डेमोक्रॅटांची पाळी आली आणि २०१८ मध्ये त्यांनी सुमारे ४० जागा मिळवून प्रतिनिधीगृह जिंकले.

एवढ्यावर थांबले तर नियम सिद्ध झाला असे वाटेल, आणि वृत्तवाहिन्यांवरील चर्चा बहुधा एवढ्यावरच थांबतात. परंतु १९९७ मध्येही रिपब्लिकनांनी दोन्ही राज्ये जिंकली होती. त्यानंतर १९९८ मध्ये उलट बिल क्लिंटन यांच्या पक्षाच्याच जागा वाढल्या. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने मिडटर्ममध्ये प्रतिनिधीगृहातील जागा वाढवण्याची १९३४ नंतरची ती पहिलीच वेळ होती. २००१ मध्ये डेमोक्रॅटांनी दोन्हीकडे बाजी मारली, पण त्या मतदानाच्या दोनच महिने आधी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला होता आणि २००२ मध्ये देश जॉर्ज बुश यांच्या मागे उभा राहिला. १९८९ मध्ये व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर निवडून आले. लोकांनी गव्हर्नर म्हणून निवडलेले ते अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय होत. त्याच दिवशी न्यू जर्सीही डेमोक्रॅटांकडे गेली, पण पुढच्या वर्षी त्या पक्षाला अगदी थोड्या जागांची भर घालता आली.

राष्ट्राध्यक्षपदाविषयी तर हे निकाल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. १९९३ नंतर क्लिंटन, २००१ नंतर बुश आणि २००९ नंतर ओबामा हे तिघेही दुसऱ्यांदा निवडून आले.

विजयाऐवजी मताधिक्यातील फरक मोजला तर अधिक अचूक अंदाज येत नाही का?

मोजमाप म्हणून ते निश्चितच अधिक चांगले आहे. आदल्या वर्षी त्याच राज्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला किती आघाडी होती आणि वर्षभराने गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला किती मिळाली, यांतील अंतर पाहायचे. २०२० मध्ये व्हर्जिनियात बायडन दहा टक्क्यांनी पुढे होते, आणि २०२१ मध्ये तेथे रिपब्लिकन ग्लेन यंगकिन सुमारे दोन टक्क्यांनी जिंकले. म्हणजे बारा टक्क्यांची घसरण झाली. न्यू जर्सीतील घसरण तेराच्या आसपास होती. पराभव एकाच राज्यात झाला, पण इशारा दोन्ही राज्यांत सारखाच होता, हे या पद्धतीनेच कळते. २०२५ मध्ये याच्या उलट घडले. कमला हॅरिस यांना ज्या दोन राज्यांत जेमतेम सहा टक्क्यांची आघाडी होती, तेथे व्हर्जिनियात ॲबिगेल स्पॅनबर्गर सुमारे पंधरा टक्क्यांनी आणि न्यू जर्सीत मिकी शेरिल सुमारे चौदा टक्क्यांनी विजयी झाल्या.

तरीही ही मोजपट्टी सोन्याची नाही. २०१७ मध्ये व्हर्जिनियातील बदल चार टक्क्यांचा होता आणि न्यू जर्सीतील जवळजवळ शून्य, पण पुढच्या वर्षी लाभ झाला चाळीस जागांचा. २०२१ मधील बदल त्याच्या तिप्पट होता, आणि पुढच्या वर्षी रिपब्लिकनांच्या वाट्याला निव्वळ नऊ जागा आल्या. मधल्या काळात, जून २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा संघीय हक्क काढून घेतला होता आणि लोक वेगळ्याच प्रश्नावर मतदानाला बाहेर पडले. नोव्हेंबर ते नोव्हेंबर हे बारा महिने राजकारणात फार लांबचे अंतर असते.

केंटकीचा निकाल पुढचा राष्ट्राध्यक्ष सांगतो, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

२००३ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा केंटकीत ज्या पक्षाचा गव्हर्नर झाला, त्याच पक्षाचा माणूस पुढच्या वर्षी व्हाइट हाउसमध्ये गेला. मग २०२३ मध्ये डेमोक्रॅट अँडी बशीर पाच टक्क्यांनी पुन्हा निवडून आले, आणि २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी देशही जिंकला आणि केंटकीही सुमारे तीस टक्क्यांनी जिंकली. साखळी संपली. पाच वेळा नाणे एकाच बाजूने पडले म्हणून नाण्याला भविष्य कळते, असे होत नाही. बशीर यांच्या विजयामागे वादळ आणि पुराच्या संकटांतील त्यांचे काम होते, आणि २००७ ते २०१५ या काळात गव्हर्नर असलेल्या वडिलांचे, स्टीव्ह बशीर यांचे, नाव होते. त्यातून राष्ट्रीय कौल शोधणे व्यर्थ आहे.

मतदान कमी होते, तर त्याचा फायदा कोणाला मिळतो?

याचे उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत उलटे झाले आहे. व्हर्जिनियात २०२० मध्ये सुमारे ४४ लाख लोकांनी मत दिले होते. २०२१ मध्ये तो आकडा ३३ लाखांच्या आसपास आला, आणि या प्रकारच्या निवडणुकीच्या मानाने ते मतदान भरघोसच मानले गेले. जो मतदार आडवर्षीही न चुकता येतो तो सहसा वयाने मोठा, घरदार असलेला आणि अधिक शिकलेला असतो. पूर्वी हा वर्ग रिपब्लिकनांकडे झुकलेला होता. ट्रम्प यांच्या काळात पदवीधर उपनगरवासी डेमोक्रॅटांकडे सरकले, आणि कधीमधी मत देणारा, कमी शिकलेला मतदार रिपब्लिकनांकडे गेला. हा दुसरा मतदार ट्रम्प यांचे नाव मतपत्रिकेवर असले की बाहेर पडतो, एरवी घरी बसतो. त्यामुळे आजच्या ऑफ-इयर निवडणुकीतील डेमोक्रॅटांच्या आघाडीतून काही वजावट करूनच ती वाचली पाहिजे.

जागांचा अंदाज येत नसेल, तर पक्ष या निकालांतून नेमके काय उचलतात?

प्रश्न उचलतात, भाषा उचलतात, आणि उमेदवार कसा असावा याचा नमुना उचलतात. माझ्या मते या निवडणुकांचे खरे महत्त्व येथे आहे, आणि आकड्यांच्या नादात नेमके तेच निसटते.

सर्वांत बोलके उदाहरण व्हर्जिनिया किंवा न्यू जर्सीचे नसून पेनसिल्व्हेनियाचे आहे. १९९१ च्या वसंतात तेथील सिनेटर जॉन हाइन्झ विमान अपघातात मरण पावले आणि त्यांच्या जागेसाठी नोव्हेंबरमध्ये मतदान झाले. रिपब्लिकन उमेदवार डिक थॉर्नबर्ग हे माजी गव्हर्नर होते आणि देशाचे ॲटर्नी जनरल पद सोडून आले होते. समोर होते फारसे कोणाला ठाऊक नसलेले हॅरिस वॉफर्ड. प्रारंभी कितीतरी मागे असलेल्या वॉफर्ड यांनी आरोग्यविमा हा एकच मुद्दा लावून धरला आणि सुमारे दहा टक्क्यांनी विजय मिळवला. आखाती युद्धानंतर जॉर्ज बुश (थोरले) अजिंक्य वाटत असताना मंदीने गांजलेल्या मध्यमवर्गाला काय बोचते आहे, हे त्या एका जागेने दाखवले. निकालानंतर बुश यांनी नियोजित आशिया दौरा पुढे ढकलला. वॉफर्ड यांच्या प्रचाराची आखणी करणारे जेम्स कार्व्हिल पुढच्याच वर्षी क्लिंटन यांच्या प्रचारात होते.

२०२१ मध्ये व्हर्जिनियात यंगकिन यांनी शाळा आणि पालकांचा हक्क हा मुद्दा हाती घेतला. शाळांनी काय शिकवावे हे पालकांनी सांगू नये, अशा आशयाचे वाक्य मॅकऑलिफ एका वादविवादात बोलून गेले, आणि उरलेला प्रचार त्या वाक्यावरच चालला. यंगकिन यांनी आणखी एक कसरत साधली. त्यांनी ट्रम्प यांना दुखावले नाही, पण त्यांना प्रचाराला आणलेही नाही. हा नमुना देशभरच्या रिपब्लिकनांनी गिरवायचा प्रयत्न केला, परंतु ट्रम्प स्वतः पुन्हा मैदानात उतरल्यावर तसे अंतर राखणे कोणालाच शक्य राहिले नाही.

४ नोव्हेंबर २०२५ च्या निकालांतून उचलला गेलेला शब्द होता परवडणे. न्यू जर्सीत त्या उन्हाळ्यात विजेची बिले झपाट्याने वाढली होती, आणि शेरिल यांनी वीजदरांबाबत आणीबाणी जाहीर करण्याचे वचन दिले होते. त्याच दिवशी जॉर्जियात वीजदर ठरवणाऱ्या लोकसेवा आयोगाच्या दोन जागा डेमोक्रॅटांनी साठ टक्क्यांहून अधिक मते घेऊन जिंकल्या. उमेदवार अनोळखी, पद अनाकर्षक आणि राज्य अटीतटीचे असताना आलेला हा निकाल, माझ्या दृष्टीने, त्या रात्रीचा सर्वांत मोलाचा संकेत होता. न्यू जर्सीतील पसेइक परगणाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. लॅटिनो वस्ती मोठी असलेला हा परगणा २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जिंकला होता, आणि वर्षभरात तो शेरिल यांच्याकडे परतला.

या निकालांमुळे वॉशिंग्टनमधील कारभार बदलतो का?

कधी कधी लगेच बदलतो. २ नोव्हेंबर २०२१ ला व्हर्जिनिया गेली, आणि पक्षांतर्गत वादात महिनोन्महिने अडकलेले पायाभूत सुविधांचे विधेयक डेमोक्रॅटांनी तीनच दिवसांत प्रतिनिधीगृहात मंजूर करून घेतले. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पराभवाचे खापर आपले नाव मतपत्रिकेवर नसण्यावर आणि संघीय सरकारचे कामकाज ठप्प होण्यावर फोडले. मात्र दहा दिवसांच्या आत गोमांस, कॉफी, केळी अशा खाद्यवस्तूंवरील वाढीव आयातशुल्क त्यांनी मागे घेतले. उलट २००९ मध्ये दोन्ही राज्ये गमावूनही डेमोक्रॅटांनी आरोग्यविम्याचा कायदा पुढे रेटला, आणि २०१० मध्ये त्याची किंमत मोजली. तो निर्णय चुकला असे मात्र म्हणवत नाही, कारण बहुमत गेले तरी कायदा टिकला.

गव्हर्नरपदाखेरीज विधिमंडळाच्या निकालांकडे लक्ष द्यावे का?

अवश्य द्यावे, कारण तेथे उमेदवार शंभर असतात आणि एखाद्याच्या व्यक्तिमत्त्वाने चित्र बिघडत नाही. व्हर्जिनियाच्या शंभर सदस्यांच्या हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये २०२५ ला डेमोक्रॅट ५१ वरून ६४ वर गेले. २०१७ मध्ये त्यांनी १५ जागा वाढवल्या, पण सभागृहाची सत्ता एका मतदारसंघावर अडली. तेथे दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मते पडली होती. अखेर जानेवारी २०१८ मध्ये चिठ्ठी काढण्यात आली, रिपब्लिकन उमेदवाराचे नाव निघाले आणि त्या पक्षाचे बहुमत ५१–४९ असे वाचले. आपल्याकडील सरपंचपदाची आठवण यावी असा तो प्रसंग होता.

राष्ट्रीय पक्षांची पुढची फळीही येथूनच तयार होते. सुहास सुब्रमण्यम २०१९ मध्ये याच सभागृहात निवडून आले, २०२३ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये आणि २०२४ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी २०१९ मध्ये राज्याच्या सिनेटवर आल्या आणि २०२५ मध्ये व्हर्जिनियाच्या लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या.

भारतातील विधानसभा निवडणुकांना 'उपांत्य फेरी' म्हणतात, तसेच हे आहे का?

अगदी तसेच नाही. फसगत मात्र दोन्हीकडे सारखीच होते. डिसेंबर २००३ मध्ये भाजपने मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड जिंकले, त्या भरवशावर लोकसभा निवडणूक अलीकडे ओढली आणि २००४ मध्ये सत्ता गमावली. २०१८ मध्ये काँग्रेसने तीच तीन राज्ये जिंकली आणि सहा महिन्यांच्या आत तेथील ६५ लोकसभा मतदारसंघांपैकी तिच्या हाती केवळ तीन आले. महाराष्ट्राने तर २०२४ मध्ये एकाच वर्षात दोन कौल दिले. लोकसभेला महाविकास आघाडी ४८ पैकी ३० जागांवर होती, आणि नोव्हेंबरमध्ये महायुतीने २८८ पैकी २३० च्या आसपास आमदार निवडून आणले.

फरक रचनेचा आहे. आपल्याकडे विधानसभेतील आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात, म्हणून राज्यातील निकाल दिल्लीतील संख्याबळात प्रत्यक्ष उतरतो. अमेरिकेतही १९१३ पर्यंत सिनेटर राज्य विधिमंडळेच निवडत असत. सतराव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार मतदारांकडे गेला, आणि तेव्हापासून तेथील विषम वर्षांच्या निकालांचा राष्ट्रीय परिणाम अप्रत्यक्ष राहिला.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला या निवडणुकीत मत देता येते का?

अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल आणि मतदार नोंदणी केली असेल तरच देता येते. एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना आणि ग्रीन कार्डधारकांना गव्हर्नर किंवा विधिमंडळासाठी मतदान करता येत नाही. बेकायदा नोंदणी किंवा मतदान पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडचणीचे ठरू शकते. एडिसनसारख्या ठिकाणी भारतीयांची वस्ती डोळ्यांत भरण्याइतकी आहे, पण वस्तीची संख्या आणि मतदारयादीतील संख्या यांत यामुळेच मोठे अंतर राहते.

निकालाच्या रात्री नेमके काय पाहावे?

विजेता कोण हे शेवटी पाहावे. आधी व्हर्जिनियातील लाउडन आणि प्रिन्स विल्यम या परगण्यांतील आघाडी आदल्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षीय मतांशी ताडून पाहावी, कारण वॉशिंग्टनभोवतीची उपनगरे तेथे आहेत. न्यू जर्सीत पसेइक आणि मिडलसेक्स पाहावेत. त्यानंतर एकाच पक्षाच्या उमेदवारांमधील तफावत पाहावी. २०२५ मध्ये स्पॅनबर्गर पंधरा टक्क्यांनी जिंकल्या, पण त्यांच्याच पक्षाचे ॲटर्नी जनरलपदाचे उमेदवार जे जोन्स, जुन्या हिंसक भाषेतील संदेशांमुळे वादात सापडल्याने, त्याच्या निम्म्याहून कमी फरकाने निवडून आले. ही तफावत उमेदवाराची, आणि उरलेली आघाडी पक्षाची. टपाली मते बहुधा वेगळ्या वेळी मोजली जातात आणि ती डेमोक्रॅटांकडे झुकलेली असतात, म्हणून रात्री नऊ वाजताच्या नकाशावरून कोणी लाट जाहीर केली तर दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत थांबावे.